चुकीचं क्लिक एक दिवस होणारच, हे धरून संगणक कसा लावावा

‘मी रोबोट नाही’ या चौकोनावर क्लिक करायची सवय आता सगळ्यांच्या बोटांना लागली आहे. ओळखीतल्या एका निवृत्त काकांच्याही. पीडीएफची वर्ड फाइल करून हवी होती म्हणून त्यांनी शोधून एक साइट उघडली आणि चौकोनावर क्लिक केलं. खाली तीन सूचना आल्या: विंडोजचं बटण धरून आर दाबा, मग कंट्रोल-व्ही, मग एंटर. त्यांनी तिन्ही गोष्टी मन लावून केल्या. हिरवी बरोबरची खूण आली, फाइल मात्र आली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ईमेलचा पासवर्ड चालेना, तेव्हा मला फोन. “अरे, पण मी काहीच डाउनलोड केलं नव्हतं!”

खरंच केलं नव्हतं. चौकोनावर क्लिक होताच त्या पानाने एक लांबलचक आज्ञा गुपचूप क्लिपबोर्डवर (कॉपी केलेला मजकूर तात्पुरता राहतो त्या जागेवर) ठेवली. विंडोज-आरने ‘रन’ची छोटी खिडकी उघडली, कंट्रोल-व्हीने ती आज्ञा तिथे चिकटली, एंटरने चालली. ती खिडकी इतकी अरुंद असते की चिकटवलेल्या मजकुराचं फक्त शेपूट दिसतं, आणि शेपटाला त्या लोकांनी ‘मी रोबोट नाही, पडताळणी क्रमांक अमुक’ असं लिहून ठेवलेलं असतं. खरी आज्ञा डावीकडे दडलेली. या प्रकाराला क्लिकफिक्स म्हणतात. २०२४ पासून तो झपाट्याने पसरला. त्याच्या नव्या आवृत्त्या ‘रन’ऐवजी फाइल एक्सप्लोररच्या पत्त्याच्या पट्टीत मजकूर चिकटवायला सांगतात, मॅकवर टर्मिनल उघडायला लावतात. नियम एकच पाठ करा: कुठलंही वेबपान तुम्हाला ब्राउझरच्या बाहेर जाऊन काही चिकटवायला सांगत असेल, तर ते पान चोराचं आहे. याला अपवाद माझ्या पाहण्यात नाही.

या घटनेत कुठलंही कुलूप तुटलं नाही, दार मालकाच्याच हातून उघडलं. म्हणूनच ‘सावध राहा’ या सल्ल्यावर माझा फारसा विश्वास उरलेला नाही. वर्षभर रोज, दमलेलं असताना, फोन वाजत असताना सावध कोण राहतं? लोकांचे संगणक दुरुस्त करण्यात माझी बरीच वर्षं गेली, आणि कुरिअरच्या नावाने आलेल्या एका लिंकवर मीही एकदा क्लिक केलं आहे, कारण त्या दिवशी खरोखरच एक पार्सल यायचं होतं. तेव्हा हात कधीतरी चुकणारच हे गृहीत धरू, आणि चुकला तरी नुकसान एका दुपारपुरतं राहील अशी यंत्राची मांडणी करू. त्यासाठी एक मोकळी दुपार लागेल. मुख्यतः विंडोजबद्दल लिहितोय, पण बरंचसं मॅकलाही लागू आहे.

आधी चोर ओळखू

काकांच्या यंत्रावर चाललं ते इन्फोस्टीलर, म्हणजे माहिती उचलून पळणारा प्रोग्राम. जुन्या व्हायरससारखा तो संगणक मंद करत नाही, पडद्यावर कवट्या नाचवत नाही. बहुतेकदा दोन-चार मिनिटांत ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड, कुकी, क्रिप्टो वॉलेट, डेस्कटॉपवरच्या काही फाइली गोळा करतो, पाठवतो आणि अनेकदा स्वतःला पुसूनही टाकतो. यातला एक प्रसिद्ध म्हणजे लुमा. मे २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने पोलीस यंत्रणांच्या मदतीने त्याचं जाळं तोडलं, तेव्हा आधीच्या दोन महिन्यांत त्याची लागण झालेले ३,९४,००० विंडोज संगणक सापडल्याचं कंपनीने सांगितलं. काही आठवड्यांत लुमाने पुन्हा डोकं वर काढलं.

यात पासवर्डपेक्षा कुकीची चोरी जास्त वाईट. कार्यक्रमाला जाताना दारावर एकदा तिकीट दाखवलं की मनगटावर शिक्का मारतात, मग आत-बाहेर करताना तिकीट कोणी विचारत नाही. लॉगिन झाल्यावर साइट ब्राउझरला देते ती सेशन कुकी म्हणजे हा शिक्का. चोराने तो उचलला की त्याला पासवर्डही नको आणि ओटीपीही नको. ‘मला तर ओटीपी आलाच नाही, मग खातं गेलं कसं’ या प्रश्नाचं उत्तर बऱ्याचदा इथे असतं.

दुसरा चोर फिशिंगवाला, म्हणजे बनावट मेल, लिंक किंवा फोनने फसवून पासवर्ड काढून घेणारा. तो जुनाच आहे, पण त्याचं व्याकरण सुधारलं आहे. पूर्वी मराठीतला बनावट मेल ‘आपले खाते निलंबित केले गेले जाईल’ अशा वाक्यावरून लगेच पकडता यायचा. आता एआयच्या कृपेने तो तुमच्या-माझ्यापेक्षा शुद्ध लिहितो आणि ओळखीच्या माणसाच्या आवाजात फोनही करू शकतो. त्यामुळे भाषेच्या चुका शोधणं सोडा, घाई शोधा. आज रात्रीच्या आत, नाहीतर खातं बंद. कोणाला सांगू नका. फोन ठेवू नका. अशी घाई दिसली की फोन ठेवायचा आणि त्या संस्थेचा किंवा माणसाचा आपल्याकडे आधीपासून असलेला नंबर लावायचा. बास.

तिसरा रॅन्समवेअर. तो फाइली कुलूपबंद करून खंडणी मागतो. २०१९ च्या अखेरीपासून या टोळ्या कुलूप लावण्याआधी फाइलींची प्रत चोरू लागल्या. म्हणजे पैसे दिले नाहीत तर फाइली जगजाहीर करू, ही दुसरी धमकी. बॅकअप पहिल्या धमकीवर उतारा आहे, दुसरीवर नाही. ओळखपत्रांच्या आणि आजारपणाच्या कागदांच्या प्रती डेस्कटॉपवर उघड्या ठेवू नयेत त्या यासाठी.

पायरी १: अपडेट, आणि जुनं विंडोज

ही पायरी कंटाळवाणी आहे म्हणून आधी उरकू. सेटिंग्ज उघडा, डाव्या यादीत ‘विंडोज अपडेट’, तिथे ‘चेक फॉर अपडेट्स’. जे येईल ते लावा, रीस्टार्ट करा, पुन्हा तपासा. काही नवीन येईनासं होईपर्यंत. मग ब्राउझरच्या मेनूत ‘अबाउट’ उघडा, तिथे ब्राउझर स्वतःला अद्ययावत करतो.

वॉनाक्राय हा रॅन्समवेअर ज्या भोकातून शिरला ते बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ ला दिलं होतं. हल्ला झाला १२ मे २०१७ ला. मधले ५९ दिवस ज्यांनी ‘नंतर आठवण करा’ दाबलं त्यांच्यातले दोन लाखांहून जास्त संगणक दीडशे देशांत अडकले, ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांतले धरून. विशेष म्हणजे त्यात कोणी कशावर क्लिक करायचीही गरज नव्हती, तो जाळ्यातून आपोआप पसरत होता.

विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरासाठीची वाढीव सुरक्षा-अपडेट योजना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची आहे, आणि तिच्यात नाव नोंदवावं लागतं, ती आपोआप मिळत नाही. यंत्र विंडोज ११ घेत नसेल तर तीन वाटा: ही योजना, लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी फुकटची यंत्रणा), किंवा नवं यंत्र. जुन्या लॅपटॉपवर फक्त ब्राउझर आणि पत्रं एवढंच काम असेल तर लिनक्स मिंट बिनधास्त टाका. अपडेट न येणारं विंडोज इंटरनेटला जोडून बँकेचे व्यवहार करणं मात्र नको.

पायरी २: रोजच्या कामाला ॲडमिन खातं नको

नव्या विंडोजमध्ये बनवलेलं पहिलं खातं ॲडमिनिस्ट्रेटर असतं आणि लोक आयुष्यभर तेच वापरतात. म्हणजे घरात वावरताना तिजोरीची किल्ली सतत गळ्यात. सेटिंग्जमध्ये ‘अकाउंट्स’, ‘अदर यूजर्स’ इथे जाऊन एक नवं खातं बनवा, त्याचा प्रकार बदलून ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ करा, त्याला वेगळा मजबूत पासवर्ड द्या. आता साइन आउट करून त्या नव्या खात्यात एकदा शिरून बघा. शिरता आलं तरच पुढे जा. मग तिथूनच आपल्या जुन्या खात्याचा प्रकार ‘स्टँडर्ड यूजर’ करा. क्रम उलटा केलात तर स्वतःच्याच घराबाहेर उभे राहाल. मी एकदा राहिलो आहे.

यापुढे काही बसवताना विंडोज ॲडमिनचा पासवर्ड मागेल. त्रास होईल, पण हाच त्रास उपयोगाचा. तुम्ही काही बसवत नसताना पासवर्डची खिडकी आली, तर कोणीतरी दुसरं बसवतंय.

इन्फोस्टीलर याने थांबत नाही, कारण त्याला तुमचीच माहिती वाचायची असते आणि ती स्टँडर्ड खात्यातूनही वाचता येते. पण सुरक्षा बंद पाडणं, यंत्रणेत खोलवर घर करणं, घरातल्या दुसऱ्याच्या खात्यात घुसणं हे अवघड होतं.

पायरी ३: विंडोजकडे आधीच असलेली हत्यारं काढा

वेगळा अँटिव्हायरस विकत घ्यावा का, हे मला सगळ्यात जास्त विचारलं जातं. घरच्या वापराला विंडोजसोबत येणारा डिफेंडर पुरतो, असं माझं मत आहे. दोन अँटिव्हायरस एकत्र तर मुळीच नकोत. त्यापेक्षा डिफेंडरच्या ज्या खिडक्या कोणी उघडत नाही त्या उघडा.

‘विंडोज सिक्युरिटी’मध्ये ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’, तिथे ‘मॅनेज सेटिंग्ज’. ‘टँपर प्रोटेक्शन’ चालू हवं. मालवेअरने, म्हणजे घातक प्रोग्रामने, डिफेंडरचं तोंड दाबू नये म्हणून ते असतं. त्याच पानावर खाली ‘रॅन्समवेअर प्रोटेक्शन’मध्ये ‘कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस’ आहे. तो चालू केला की अनोळखी प्रोग्रामला डॉक्युमेंट्स, पिक्चर्स अशा फोल्डरांमधल्या फाइली बदलता येत नाहीत. सुरुवातीचे काही दिवस एखादा भला प्रोग्रामही अडेल, फाइल सेव्ह होईना असं म्हणेल. त्याला यादीत परवानगी द्यायची. वैतागून सगळंच बंद करू नका.

‘ॲप अँड ब्राउझर कंट्रोल’मधलं ‘रेप्युटेशन-बेस्ड प्रोटेक्शन’ पूर्ण चालू करा. मग फाइल एक्सप्लोररमध्ये ‘व्ह्यू’, ‘शो’, ‘फाइल नेम एक्सटेन्शन्स’वर खूण करा.

ही शेवटची खूण फुकटातली सर्वात मोठी कमाई आहे. विंडोज मुळात फाइलीच्या नावाचं शेपूट लपवतं. ४ मे २००० ला जगभर पसरलेल्या ‘आय लव्ह यू’ या व्हायरसच्या फाइलीचं नाव .टीएक्सटी.व्हीबीएस असं संपत होतं. शेवटचा तुकडा लपल्यामुळे लोकांना ते साधं प्रेमपत्र वाटलं आणि त्यांनी प्रोग्राम चालवला. इतकी वर्षं झाली, विंडोज अजूनही शेपूट लपवतं आणि ‘पावती.पीडीएफ.ईएक्सई’ अजूनही लोकांना फसवते. शेपूट दिसू लागलं की .ईएक्सई, .एससीआर, .जेएस, .व्हीबीएस, .एचटीए, .आयएसओ या नावांच्या फाइली मेलमधून आल्या तर उघडायच्या नाहीत. .एलएनकेचं (शॉर्टकटचं) शेपूट मात्र ही खूण करूनही दिसत नाही. तिथे आयकॉनच्या कोपऱ्यातला छोटा बाण बघायचा. इंटरनेटवरून आलेल्या ऑफिस फाइलींमधले मॅक्रो (फाइलीच्या आत ठेवलेले छोटे प्रोग्राम) मायक्रोसॉफ्टने २०२२ मध्ये आपणहून अडवायला सुरुवात केली, तेव्हापासून या प्रकारांचा सुळसुळाट वाढला. झिप फाइलीला पासवर्ड आणि तो पासवर्ड त्याच मेलमध्ये, असं असेल तर तर समजूनच जा: आत काय आहे ते तपासणाऱ्या यंत्रणेला दिसू नये एवढ्यासाठीच ते कुलूप आहे.

आणि क्रॅक, म्हणजे कुलूप तोडून फुकट वाटलेला महागडा प्रोग्राम. सोबतच्या मजकुरात पहिली ओळ ‘अँटिव्हायरस बंद करा’. यावर मी जास्त काही लिहीत नाही.

लॅपटॉप असेल तर डिस्कवरचा सगळा मजकूर कुलूपबंद ठेवणारं ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ किंवा बिटलॉकर, मॅकवर फाइलव्हॉल्ट, चालू आहे का बघा. त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून यंत्रापासून दूर ठेवा. लॅपटॉप चोरीला गेला तर जाईल फक्त यंत्र.

पायरी ४: ब्राउझर झाडून काढा

एक्सटेन्शनची, म्हणजे ब्राउझरला जोडलेल्या छोट्या प्रोग्रामांची, यादी उघडा. प्रत्येकासमोर स्वतःला विचारा, हे मी गेल्या महिन्यात वापरलं का? नाही, तर काढा. एक्सटेन्शनला ‘सर्व साइटवरचा मजकूर वाचणे आणि बदलणे’ ही परवानगी असेल तर ते तुमच्या मेलवरही नजर ठेवू शकतं. आज चांगलं असलेलं एक्सटेन्शन उद्या विकलं जातं, किंवा बनवणाऱ्याचं खातं फोडून त्यात विष घातलं जातं. डिसेंबर २०२४ मध्ये सायबरहेवन या सुरक्षाक्षेत्रातल्याच कंपनीच्या क्रोम एक्सटेन्शनचं असं झालं: कर्मचाऱ्याला फिशिंगने गाठलं आणि वापरणाऱ्यांना अपडेटमधूनच विषारी आवृत्ती पोचली. माझ्याकडे दोन एक्सटेन्शनं आहेत: पासवर्ड मॅनेजर (पासवर्ड बनवून सांभाळणारा, पायरी ५ मध्ये येतोच) आणि जाहिराती अडवणारं.

जाहिराती अडवणं ही आता चैन राहिलेली नाही. एखाद्या प्रोग्रामचं नाव शोधलं की पहिला निकाल ‘प्रायोजित’ असतो, आणि तो हुबेहूब दिसणाऱ्या बनावट साइटचा असू शकतो. अमेरिकेच्या एफबीआयनेच डिसेंबर २०२२ मध्ये या फसवणुकीचा इशारा देताना जाहिरात-रोधक वापरा असं सांगितलं. फायरफॉक्सवर यूब्लॉक ओरिजिन, क्रोमवर त्याची ‘लाइट’ आवृत्ती घ्या. प्रोग्राम डाउनलोड करताना शोधनिकालांतून न जाता बनवणाऱ्याच्या साइटवर थेट जा, किंवा मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून घ्या.

पत्ता वाचायलाही इथेच शिकून घ्या. पहिल्या एकेरी तिरप्या रेघेपर्यंत जा आणि तिथून डावीकडे वाचत या: शेवटचे दोन तुकडे म्हणजे खरा मालक. ‘माझीबँक.कॉम.खातेतपासणी.इन्फो/लॉगिन’ या पत्त्याचा मालक ‘खातेतपासणी.इन्फो’ आहे, ‘माझीबँक’ ही नुसती दारावरची रांगोळी. ‘को.यूके’सारखं दुहेरी शेपूट असेल तर तीन तुकडे मोजा. कुलपाच्या चिन्हावर विसंबू नका. मधला प्रवास बंद लिफाफ्यातून होतोय एवढंच ते सांगतं, लिफाफा कोणाला चाललाय ते नाही. लोकांचा हाच गैरसमज होतो म्हणून क्रोमने २०२३ मध्ये ते चिन्ह काढूनच टाकलं.

सार्वजनिक वायफायची भीती मात्र व्हीपीएनच्या (तुमची इंटरनेटवरची ये-जा गुंडाळून दुसऱ्या सर्व्हरमार्गे नेणाऱ्या सेवांच्या) जाहिरातींनी फुगवून ठेवली आहे. हल्ली जवळजवळ सगळ्या साइट आपला मजकूर गुंडाळूनच पाठवतात. व्हीपीएन फिशिंग थांबवत नाही, इन्फोस्टीलर तर नाहीच नाही.

पायरी ५: पासवर्ड, आणि सुरुवात ईमेलपासून

ईमेलला वेगळं महत्त्व आहे, कारण बाकी सगळ्या खात्यांचे ‘पासवर्ड विसरलात?’ तिथेच येऊन पडतात. म्हणून दुपारीत एकच पासवर्ड बदलण्याइतका दम असेल तर ईमेलचा बदला.

चोरीला गेलेल्या पासवर्डच्या याद्या हल्लेखोर दुसऱ्या हजारो साइटवर लावून बघतात. २०२१ च्या मे महिन्यात अमेरिकेतली कोलोनियल ही इंधनाची पाइपलाइन रॅन्समवेअरमुळे बंद पडली. हल्लेखोर शिरले ते कंपनीच्या जाळ्यात बाहेरून शिरण्यासाठीच्या, वापरात नसलेल्या एका व्हीपीएन खात्यातून. त्याचा पासवर्ड आधीच फुटलेल्या याद्यांमध्ये होता आणि दुसरं कुलूप नव्हतं. तुमचा मेल पत्ता कुठल्या गळतीत आहे ते ‘हॅव आय बीन पोन्ड’ या साइटवर कळतं. ट्रॉय हंट यांनी ती २०१३ मध्ये सुरू केली. पत्ता टाकून पाहिल्यावर धक्का बसेल. बसू द्या.

उपाय पासवर्ड मॅनेजर. बिटवॉर्डन, वनपासवर्ड, किंवा सगळं स्वतःच्या यंत्रावरच हवं असेल तर कीपासएक्ससी. प्रत्येक साइटला तो बनवेल तो लांब पासवर्ड. तुम्ही लक्षात ठेवायचा फक्त एक, मॅनेजरचा. तो शब्दांचा करा: एकमेकांशी काही संबंध नसलेले पाच-सहा शब्द, डोळे मिटून शब्दकोशात बोट ठेवून निवडलेले. ‘खिडकी उंदीर पावती ओसरी झाडू’ असं काहीतरी. म्हण नको, अभंगाची ओळ नको, मुलांची नावं तर नकोतच. तो कागदावर लिहून घरात सुरक्षित ठेवायला माझी हरकत नाही. इंटरनेटवरचा चोर तुमचं कपाट उघडू शकत नाही. लास्टपासकडून २०२२ मध्ये ग्राहकांच्या कुलूपबंद तिजोऱ्यांच्या प्रती चोरीला गेल्या. त्यानंतर ज्यांचा मुख्य पासवर्ड लांबलचक होता त्यांना जरा निवांत झोपता आलं.

दर तीन महिन्यांनी पासवर्ड बदला हा जुना सल्ला विसरा. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानकसंस्थेने २०१७ मध्येच तो मोडीत काढला: लांबी महत्त्वाची, आणि फुटल्याची शंका आली तरच बदल. सक्तीने बदलायला लावलं की माणूस शेवटचा १ काढून २ लावतो, हे आपण सगळ्यांनी केलं आहे.

मॅनेजरचा एक फायदा फारसा कोणी सांगत नाही. तो पत्ता अक्षर न् अक्षर जुळवून मगच पासवर्ड भरतो. नेहमीचं लॉगिन पान दिसतंय आणि मॅनेजर भरत नाहीये? कॉपी करून हाताने भरायचा मोह आवरा. तुमच्या डोळ्यांना न दिसलेलं त्याला दिसलं आहे.

ब्राउझरमध्ये जुने साठवलेले पासवर्ड मॅनेजरमध्ये आणून झाले की ब्राउझरमधून पुसा. हलवताना तयार झालेली उघडी यादीची फाइलही पुसा, आणि मग रिसायकल बिनही. ही फाइल डाउनलोड्समध्ये वर्षानुवर्षं पडलेली मी बऱ्याच ठिकाणी पाहिली आहे.

पायरी ६: दुसरं कुलूप

ईमेल, बँक, मॅनेजर, क्लाउड या चार ठिकाणी तरी दोन टप्प्यांचं लॉगिन चालू करा. एसएमएसचा ओटीपी काहीच नसण्यापेक्षा बरा. कोड देणारं ऑथेंटिकेटर ॲप त्याहून बरं. पण बनावट पान दोन्ही कोड मागून घेऊन त्याच क्षणी खऱ्या साइटवर वापरू शकतं. पासकीचं (पासवर्डऐवजी फोनमध्ये किंवा संगणकात राहणाऱ्या डिजिटल किल्लीचं) तसं होत नाही, कारण ती खऱ्या साइटच्या पत्त्याशी बांधलेली असते, बनावट पानावर ती चालतच नाही. तुम्ही फसलात तरी पासकी फसत नाही. जिथे मिळते तिथे घ्या. बॅकअप कोड छापून ठेवा, नाहीतर फोन हरवल्याच्या दिवशी तुम्ही स्वतःलाच परके व्हाल.

पायरी ७: बॅकअप

तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, एक घराबाहेर. हा ३-२-१ नियम जुना आहे आणि अजून लागू आहे. साधी मांडणी अशी: मूळ फाइली यंत्रावर, दुसरी प्रत एक्सटर्नल ड्राइव्हवर, तिसरी क्लाउडवर. ड्राइव्ह बॅकअपपुरतीच जोडायची, झालं की काढायची. कायम जोडलेल्या ड्राइव्हला रॅन्समवेअर दुसरी मेजवानी समजतं.

क्लाउडवर नुसतं सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. इथे फाइल बिघडली की तिथेही इमानेइतबारे बिघडते. जुन्या आवृत्त्या परत मिळतात का, किती दिवसांपर्यंत, ते तुमच्या सेवेत बघून ठेवा. अनेक ठिकाणी साधारण ३० दिवस मिळतात.

आणि बॅकअप उघडून बघा. माझा बॅकअप दर रविवारी आठ महिने ‘यशस्वी’ होत होता. डिस्क गेली तेव्हा कळलं, मधे मी फोल्डरची जागा बदलली होती आणि प्रोग्राम दर आठवड्याला एका रिकाम्या फोल्डरची प्रत निष्ठेने घेत होता. आठ महिन्यांचे फोटो गेले, दोष सर्वस्वी माझा. तेव्हापासून महिन्यातून एकदा कुठलीही तीन फाइली बॅकअपमधून काढून उघडतो.

राऊटर, थोडक्यात

राऊटरच्या ॲडमिन पानाचा मूळ पासवर्ड बदला (वायफायचा पासवर्ड वेगळा, हा वेगळा). फर्मवेअर (राऊटरच्या आतला प्रोग्राम) अद्ययावत करा, डब्ल्यूपीएस (बटण किंवा पिनने वायफाय जोडायची सोय) आणि बाहेरून नियंत्रण बंद करा, वायफायला डब्ल्यूपीए३ किंवा निदान डब्ल्यूपीए२ ठेवा. टीव्ही, कॅमेरे गेस्ट नेटवर्कवर टाका. २०१६ च्या मिराय या मालवेअरने कंपनीने लावून दिलेल्या साठेक नावं-पासवर्डच्या जोड्यांवर लाखो कॅमेरे आणि राऊटर ताब्यात घेतले होते.

चुकलंच तर

आधी वायफाय बंद, केबल असेल तर उपटा. फाइलींची नावं डोळ्यांदेखत बदलत असतील तर पॉवर बटण दाबून धरा, यंत्र बंद करा. पडद्यावर फोन नंबर असलेला मोठा लाल इशारा आला असेल आणि बाकी काही घडलं नसेल, तर ते नुसतं वेबपान आहे: एस्केप धरून ठेवा, नाहीतर टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करा. त्या नंबरला फोन मात्र नाही.

मग दुसऱ्या, स्वच्छ यंत्रावरून किंवा फोनवरून ईमेलचा पासवर्ड बदला. लागण झालेल्या यंत्रावर बसून नवा पासवर्ड टाकणं म्हणजे चोरासमोर नवं कुलूप लावणं. त्यानंतर ‘सर्व उपकरणांवरून साइन आउट’. हे विसरू नका, मनगटावरचे चोरलेले शिक्के याने पुसले जातात. मग बँक, मग बाकीची खाती. पैसे गेले असतील तर बँकेला फोन या सगळ्याच्या आधी, आणि लगोलग पोलिसांच्या सायबर शाखेकडे तक्रार.

यंत्रावर ‘डिफेंडर ऑफलाइन स्कॅन’ चालवा. पण इन्फोस्टीलर चाललाय हे नक्की असेल तर मी स्कॅनवर थांबत नाही. फाइली वाचवून विंडोज नव्याने टाकतो. तासाभराचं काम आहे, शंका कायमची जाते. रॅन्समवेअर असेल तर कुलूपबंद फाइली पुसू नका. युरोपोल आणि नेदरलँड्सच्या पोलिसांनी सुरक्षा कंपन्यांसोबत २०१६ मध्ये सुरू केलेल्या ‘नो मोअर रॅन्सम’वर बऱ्याच जातींच्या किल्ल्या फुकट मिळतात, आज नसलेली किल्ली पुढेमागे येऊही शकते.

काकांचं आम्ही हेच केलं. माझ्या फोनवरून खातं परत मिळवलं, पासवर्ड बदलला, सगळी उपकरणं बाहेर काढली. विंडोज नव्याने टाकलं. सगळं नीट झालं म्हणून ते चहा ठेवायला उठले आणि मी सहज मेलच्या सेटिंग्जमध्ये ‘फिल्टर’ उघडले. तिथे एक फिल्टर होता: ज्या मेलमध्ये ‘पासवर्ड’ किंवा ‘बँक’ हा शब्द असेल तो वाचलेला दाखवून थेट कचऱ्यात टाका. खाली फॉरवर्डिंगमध्ये एक अनोळखी पत्ता. पासवर्ड बदलल्याने या दोन्हीला काही धक्का लागत नाही. ते तसेच राहिले असते आणि काकांचे मेल महिनोनमहिने तिकडे जात राहिले असते. दोन्ही पुसले. मग कचऱ्याची पेटी उघडली, तर बँकेने पाठवलेले ‘हा व्यवहार तुम्हीच केलात का?’ असे चार मेल तिथे पडलेले होते.